वीस नव्हे, बारा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी भोईर सरांचं नाव घेतो. आईवडिलांच्या आधी घेतो, आणि माझ्या बाबांना त्याचं वाईट वाटत नाही, कारण तेही तेच नाव घेतात. उल्हासनगरच्या कॅम्प चार या वस्तीत सर अकरावी-बारावीचं फिजिक्स शिकवायचे. मुलं पाठीमागे त्यांना पंजा सर म्हणत. त्यांचा उजवा तळहात तांदळाच्या भाकरीएवढा रुंद होता आणि शिकवताना तो खडूपेक्षा जास्त वेळ फळ्यावर असायचा.

दोरीने एकमेकांना बांधलेली वजनं आणि मधल्या दोरीतला ताण, हा सरांचा आवडता धडा. ते फळ्यावर टेबल काढत, टेबलावर एक वजन, कडेला कप्पी, कप्पीवरून खाली लोंबणारं दुसरं वजन आणि दोन्हींना जोडणारी दोरी. आम्ही लगेच सूत्र शोधायला लागायचो. सर मात्र तळहाताने सगळं चित्र झाकून टाकत. फक्त एक वजन उघडं. "आता जगात एवढंच आहे. बाकी सगळं माझ्या हाताखाली मेलं. याला खाली कोण ओढतंय? वर कोण ओढतंय? दोघांत जिंकतंय कोण?" एवढं लिहून झालं की हात सरकायचा, दुसरं वजन उघडं पडायचं आणि पहिलं झाकलं जायचं. तास संपेपर्यंत फळ्यावर पंजाचे पुसट ठसे आणि सरांच्या पँटीवर तसेच पांढरे ठसे. त्यांच्या घरच्यांनी कपड्यांवरून किती ऐकवलं असेल, कोण जाणे.

आमचा क्लास जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या माडीवर भरायचा. खाली मशीनं सुरू झाली की वरचे बाक थरथरायचे आणि पेन आपोआप घरंगळायचं. जागेचे मालक वयस्कर सिंधी गृहस्थ होते, त्यांना सगळेच साईं म्हणत. कटिंगमधून उरलेल्या जीन्सच्या पट्ट्या सरांनी लागतील तेवढ्या न्याव्यात, अशी त्यांची मुभा होती. त्या पट्ट्या म्हणजेच आमच्या दोऱ्या. पुस्तकात 'वजन नसलेली, न ताणणारी दोरी' असं लिहिलेलं असतं. सर निळी पट्टी वर धरून म्हणायचे, "ही थोडी ताणते, पण पुस्तकातली दोरी साईंकडे मिळत नाय."

मी वांगणीचा. बाबा एका फार्महाऊसवर माळीकाम करायचे आणि पावसाळ्यात आमचं थोडं भात असायचं. दहावीपर्यंत मी गावच्या मराठी शाळेत शिकलो, अकरावीला सायन्स घेतलं आणि पहिल्या चाचणीत फिजिक्समध्ये पंचवीसपैकी चार मार्क पडले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून मला सरांकडे घेऊन गेले. सरांनी माझे मार्क विचारलेच नाहीत. "भात कंचा लावता?" असं बाबांना विचारलं. सर मूळचे बदलापूरजवळच्या खरवईचे, त्यांच्याही घरी शेती होती. आता तिथे इमारती उभ्या आहेत. दोघं अर्धा तास भाताबद्दल बोलले. उठताना सर मला म्हणाले, "सोमवारपासून ये, वांगणी." त्यांना मुलांची नावं लक्षात राहत नसत. मुलगा जिथून यायचा, ते गाव किंवा तो कॅम्प हेच त्याचं नाव.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पुढे बोलावलं. खिडकीच्या गजाला जीन्सची एक पट्टी बांधली, तिला हरेशचं दप्तर अडकवलं, त्या दप्तराच्या खाली दुसरी पट्टी आणि तिला माझं दप्तर. हरेश हा कॅम्प चारमधलाच मुलगा, माझ्या बाकावर बसायचा.

"कंची पट्टी आधी तुटंल?"

"खालची," मी म्हणालो.

"का?"

"सगळा भार शेवटी खालीच येतो ना, सर."

वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "वांगणी, तू बैलगाडी चालव." सर हसले नाहीत. त्यांनी गजाची गाठ सोडली आणि वरची पट्टी माझ्या हातात दिली. दोन्ही दप्तरांनी माझा हात खाली खेचला. मग त्यांनी हरेशचं दप्तर स्वतः उचलून धरलं आणि खालची पट्टी माझ्या हातात दिली. आता फक्त माझं दप्तर. वरची पट्टी दोघांना पेलते, खालची एकालाच. हे पुस्तकात तीनदा वाचूनही मला कळलं नव्हतं.

"हाताला कळला?"

"हो, सर."

"आता वहीला कळव."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. इंग्रजी शब्दांना मी घाबरतो हे त्यांनी ओळखलं होतं. आधी ते मराठीत विचारत, ते वजन खाली चाललंय की थांबलंय, आणि नीट उत्तर आलं की त्याच उत्तरावर इंग्रजी शब्द चढवून देत. सहामाहीला मला पंचवीसपैकी सतरा मिळाले. बाबांनी तो पेपर फार्महाऊसच्या शेठलासुद्धा दाखवला.

उत्तर बरोबर आलं म्हणून सर कधी खूश होत नसत. "उत्तर नको, चित्र दाखव," म्हणायचे. एकदा हरेशने तोंडी हिशेब करून अचूक आकडा सांगितला. सर म्हणाले, "तुझा अंदाज बरोबर आला, कॅम्प चार. उद्या चुकला तर कुठं चुकला ते तुला कोण सांगंल?" आणि त्याला पूर्ण चित्र काढायला लावलं. हरेश जागेवर येऊन माझ्या कानात म्हणाला, "अपना ही आन्सर है और अपने को ही सजा." तरी तो ते चित्र घरी घेऊन गेला.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

बारावीच्या बोर्डाच्या आधी सरांनी उजळणीसाठी सोडवलेल्या गणितांचे कागद झेरॉक्स करून वाटले. त्यात सहावं गणित असं होतं: टेबलावर तीन किलोचं वजन, कप्पीवरून खाली लोंबणारं दोन किलोचं वजन. टेबल गुळगुळीत. टेबलावरचं वजन सोडून दिलं तर दोरीत ताण किती? उत्तर छापलं होतं, वीस न्यूटन.

मी घरी ओट्यावर बसून ते सोडवलं. सरांसारखा हात ठेवला, एक वजन उघडं ठेवलं, मग दुसरं. माझं उत्तर बारा आलं. पुन्हा केलं, पुन्हा बाराच. दोन किलोच्या वजनाला पृथ्वी, किलोला दहा या हिशेबाने, वीसने खाली ओढते. दोरीही वीसने वर ओढत असेल तर ते वजन खाली जाईलच कसं? ते तर तिथेच थांबेल. आणि गणितात तर ते खाली चाललेलं आहे. म्हणजे दोरीचा ताण वीसपेक्षा कमीच पाहिजे. मला हे अगदी स्वच्छ दिसत होतं.

तरी मी खोडरबर घेऊन बारा पुसलं आणि वीस लिहिलं.

दुसऱ्या दिवशी हरेशने मला विचारलं, "अरे, ये बीस कैसे आया? मेरा नहीं आ रहा."

मी म्हणालो, "टेबल गुळगुळीत आहे ना. ते वजन आडवं येतच नाही, म्हणून खालच्याचं सगळं वजन दोरीला पोचतं."

"सही है," हरेश म्हणाला आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं. ते कारण मी त्याच क्षणी रचलं होतं. ऐकायला इतकं बरं होतं की थोड्या वेळाने मलाही ते पटायला लागलं. त्यानंतर आठ दिवस क्लास रोज भरला. मी रोज दुसऱ्या बाकावर बसत होतो. मग परीक्षेसाठी सुट्टी लागली.

सुट्टी लागल्यावर सरांना स्वतःलाच चूक सापडली. झालं होतं असं की मूळ गणितात टेबलावरचं वजन हाताने धरून ठेवलेलं होतं. धरलेलं असताना ताण वीसच असतो. सरांनी नंतर गणित अवघड करायला 'सोडून दिलं' असे शब्द घातले आणि उत्तर बदलायचं विसरले. पेपर चार दिवसांवर होता. सरांनी क्लासच्या ग्रुपवर लिहिलं की सहाव्या गणिताचं उत्तर माझ्याकडून चुकलं आहे, वीस नव्हे, बारा, आणि खाली कारण लिहिलं. दहा मिनिटांत तेवीस अंगठे आले. तेवीसच मुलं होतो आम्ही. त्यात माझाही अंगठा होता.

सरांनी त्यातल्या एकाला फोन करून विचारलं, बारा का? तो म्हणाला, "सर, तुम्ही लिहिलंय म्हणून." तेव्हा सरांनी स्कूटर बाहेर काढली. तीन दिवसांत ते तेवीस घरी गेले. उल्हासनगरचे सगळे कॅम्प, अंबरनाथ, बदलापूर आणि सगळ्यात शेवटी वांगणी. प्रत्येक घरी पाटी काढायची, मुलाला चित्र काढायला लावायचं, त्यावर हात ठेवायचा आणि मुलाच्या तोंडून बारा आल्याशिवाय उठायचं नाही.

आमच्याकडे ते आले तेव्हा ऊन उतरलं होतं. बाबा कुंड्यांना पाणी घालत होते. सरांना बघून त्यांनी हात लेंग्याला पुसले.

"सर, तुम्ही कशाला आलाव? पोराला बोलवला असता तं आला असता."

"चूक माझी हाय. पोरानं कशाला यायचं?"

"कसली चूक?"

"मी याला चुकीचं शिकवलं."

शिकवणाऱ्या माणसाने माझ्या बाबांसमोर येऊन असं म्हणावं, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. ते आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले.

सरांनी पाटी माझ्यापुढे सरकवली. मी चित्र काढलं, हात ठेवला आणि एका दमात बारा काढून दाखवलं. सर खूश झाले. "बघा, याला सांगायलासुद्धा लागला नाय," ते बाबांना म्हणाले. मग चहा घेता घेता हसत म्हणाले, "बदलापूरला एका घरी दार अर्धंच उघडलं. बाई म्हणाल्या, सर, तुम्हालाच येत नसेल तर आमच्या धाकट्याला आम्ही स्टेशनसमोरच्या क्लासला घालतो. मी म्हटलं, घाला, पण मोठ्याला दोन मिनिटं बाहेर पाठवा." आणि पुढे म्हणाले, "पण मला तं हरेशचं कळत नाय. त्यानं मला वीस कसं येतं ते समजावून सांगितलं. म्हणतो, टेबल गुळगुळीत म्हणून सगळं वजन दोरीला पोचतं. एवढं पक्कं चुकीचं कारण त्या पोरानं कुठून आणलं? एक तास गेला ते काढायला. माझ्या कागदावर तर ते नव्हतं."

माझ्या हातात बशी होती. मी म्हणू शकलो असतो, माझ्याकडून. बाबा माझ्याकडे अभिमानाने बघत होते, सर माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी बशीतला चहा पिऊन टाकला.

सर निघाले तेव्हा बाबांनी त्यांना अळूची पानं आणि एक पपई दिली. स्कूटर वळेपर्यंत ते रस्त्यावर उभे होते. मग मला म्हणाले, "असा माणूस पुन्हा भेटायचा नाय तुला."

त्या वर्षीच्या पेपरात जोडलेल्या वजनांचा प्रश्नच आला नाही.

मला चांगले मार्क मिळाले. हरेशलाही मिळाले. पण जूनमध्ये मी पेढे घेऊन क्लासवर गेलो तर बाक रिकामे होते. नव्या वर्षाला नऊच मुलं आली होती. बदलापूर आणि अंबरनाथहून एकही नाही. ज्या सरांना स्वतःच्या गणिताचं उत्तर येत नाही ते घरोघर माफी मागत फिरले, अशी बातमी सरांच्या स्कूटरच्या मागोमाग सगळीकडे पोचली होती. स्टेशनसमोरच्या क्लासमध्ये एसी होता, आणि तिथल्या सरांचं कधी काही चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

जिन्यात साईं भेटले. पेढा तोंडात टाकून म्हणाले, "बेटा, तेरे सर को मैंने बोला था. मार्केट में अपना माल खराब निकले तो आदमी चुपचाप बदल के देता है. ढोल नहीं बजाता. तो पता है क्या बोले? बोले, साईं, कपड़ा बदल सकते हो, बच्चे का परसों का पेपर कैसे बदलोगे?" साईंनी मान हलवली. "ऐसे धंदा नहीं चलता. लेकिन मेरा पोता सायन्स लेगा ना, तो इसी के पास भेजूँगा."

साईंचा नातू त्या वेळी सहावीत होता. तेवढी वर्षं क्लास टिकला नाही. आणखी एक वर्ष सरांनी पाच मुलांना शिकवलं. मग मुरबाडकडच्या एका निवासी शाळेत त्यांनी नोकरी धरली. तिथे त्यांना विज्ञान आणि गणित दोन्ही शिकवावं लागतं, शिवाय वसतिगृहाचं जेवणही बघावं लागतं. माडीवरचा फळा साईंनी खाली नेला. त्यावर आता कुठल्या मापाच्या किती पँटी शिवायच्या ते लिहितात.

मी इंजिनिअर झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. आता इमारतींमधल्या लिफ्ट तपासायचं काम करतो. लिफ्ट म्हणजे काय, एका बाजूला माणसांची पेटी, दुसऱ्या बाजूला लोखंडी वजन आणि दोघांना जोडणारे दोर. कुठल्या दोरावर किती ताण येतो, हे रोज कागदावर मांडावं लागतं. ऑफिसात कॉम्प्युटर एका क्षणात आकडा देतो. तरी मी आधी चित्र काढतो, त्यावर हात ठेवतो. सहकारी हसतात. दोनदा त्या हाताने कॉम्प्युटरमध्ये भरलेलं वजन चुकल्याचं पकडलं आहे.

मधल्या काळात मी सरांना तीन वेळा भेटलो. पदवीनंतर, नोकरी लागल्यावर आणि लग्नाची पत्रिका द्यायला. प्रत्येक वेळी आज सांगायचंच, असं ठरवून गेलो आणि प्रत्येक वेळी न सांगता परत आलो. गेल्या महिन्यात बाबा आमच्या मुलीला भोईर सरांची गोष्ट सांगत होते, ते वांगणीपर्यंत कसे आले होते, आणि तुझ्या पप्पांना सगळं आधीच कसं येत होतं. मुलीने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी मी लिहायला बसलो. ते पत्र मी काल पोस्टात टाकलं.

तीर्थस्वरूप भोईर सरांस,
साष्टांग नमस्कार.

मी तुमच्याकडे मुरबाडला आजवर तीनदा आलो, तिन्ही वेळा आनंदाची बातमी घेऊन आलो. हे पत्र तसं नाही.

त्या झेरॉक्सवरचं सहावं गणित चुकलं आहे हे मला तुमच्या आधी कळलं होतं. मी बारा काढलं होतं आणि पुसून वीस लिहिलं होतं. हरेशला ते चुकीचं कारण मीच सांगितलं. तुम्ही आमच्या ओट्यावर बसून ते कुठून आलं असं विचारलंत, तेव्हाही मी बोललो नाही. त्या दिवशी मला सांगायला लागलं नाही म्हणून तुम्ही माझं कौतुक केलंत. मला सांगायला लागलं नाही, कारण मला आधीपासून येत होतं.

मी वर्गात हात वर केला असता तर तुम्ही एका मिनिटात उत्तर बदललं असतं, मला पुढे बोलावून सगळ्यांना समजावून सांगायला लावलं असतं, आणि विषय तिथेच संपला असता. तुम्हाला तेवीस दारं वाजवावी लागली नसती. क्लास बंद पडायला एवढं एकच कारण नसेल, हे मला कळतं. तुम्हीही तेच म्हणाल. पण जेवढं माझ्यामुळे झालं तेवढं माझ्या नावावर असावं.

सरांचं चुकेल असं मला वाटलंच नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला वाटलं होतं. पण तुमचं चुकतं हे एकदा मान्य केलं, तर मी कोणाच्या भरवशावर बारावी होणार, याची मला भीती वाटली. माझ्या घरात दुसरं कुणी विचारायला नव्हतं.

हरेशला मी गेल्या रविवारी कॅम्प चारला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "सर ने मेरे घर पे एक घंटा लगाया था. मम्मी ने उनको दो बार चाय पिलाई." बाबांना मी आज सांगणार आहे. मुलीला ते सांगतील की मी, ते अजून ठरवलेलं नाही.

येत्या शनिवारी मी मुरबाडच्या एसटीने तुमच्याकडे येतो आहे. हे सगळं समोर बसून सांगायचं होतं. पण मी दारात आलो की तुम्ही "जेवलास का?" असं विचारता आणि मग मला काही बोलता येत नाही. म्हणून पत्र पुढे पाठवतो, मी मागून येतो.

आपला,
संतोष